आजोबांची बॅट आणि दहावीचं वर्ष

आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"आमचं घर खेळाडूंचं. सासरे रणजी खेळलेले. त्यांची एक बॅट अजून हॉलमध्ये खिळ्याला टांगलेली आहे. मिस्टर विद्यापीठाकडून खेळले, नंतर बरीच वर्षं कांगा लीग, म्हणजे मुंबईतली क्लबांची पावसाळी स्पर्धा. रणजीच्या संभाव्य खेळाडूंत त्यांचं नाव दोनदा आलं, संघात नाही आलं. नणंद खो-खोत राज्याकडून खेळली. बँकेत जाणारी मी एकटीच. मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीत, डावरा फलंदाज. यंदा मुंबईच्या सोळा वर्षांखालच्या संभाव्य यादीत होता, अंतिम संघात नाही. सासरे म्हणतात शाळा पुरे, मुक्त विद्यालयातून परीक्षा देईल, दिवसभर क्रिकेटच खेळू दे. मिस्टर म्हणतात आधी दहावी नीट होऊ दे, पण स्वतःच रोज रात्री जेवताना मोबाइलवर त्याच्या आउट होण्याचे व्हिडिओ लावतात. मुलाला विचारलं तर म्हणतो, 'तुम्ही ठरवा.' धाकटी बारा वर्षांची. गच्चीवर ती त्याला बॉलिंग टाकते, तिचा हात छान आहे असं हे म्हणतात, पण तो वेगळा विषय. आम्ही काय करावं?"

एक आई, डोंबिवली

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा शाळेच्या प्रश्नाकडे लक्ष गेलं, कारण तुम्ही विचारलंय तेच. दुसऱ्यांदा मात्र 'तुम्ही ठरवा' या दोन शब्दांपाशी अडकले. पहाटे उठून, किटबॅग खांद्याला लावून, भरलेल्या लोकलमध्ये लोकांच्या शिव्या खात मैदान गाठणारा मुलगा स्वतःच्याच खेळाबद्दल असं म्हणतो, तेव्हा त्याला मत नसतं असं नाही. घरात आधीच इतकी मतं नांदतायत की त्याच्या मताला टेकायला जागा नाही. शाळेचं सांगतेच, पण आधी एका घराची गोष्ट सांगू द्या.

तुमच्या मुलाची पुढची पायरी एकोणीस वर्षांखालची. तिथे चार दिवसांच्या सामन्यांसाठी कूचबिहार ट्रॉफी आणि एकदिवसीय सामन्यांसाठी विनू मांकड ट्रॉफी. हल्लीच्या मुलांना विनू मांकड हे नाव एक तर या ट्रॉफीमुळे माहीत असतं, नाहीतर चेंडू टाकण्याआधीच क्रीझ सोडणाऱ्या नॉन-स्ट्रायकरला, म्हणजे गोलंदाजाच्या टोकाला उभ्या फलंदाजाला, धावबाद करण्यामुळे. सिडनीत डिसेंबर १९४७ मध्ये त्यांनी बिल ब्राऊनला तसं बाद केलं आणि त्या प्रकाराला जगाने त्यांचंच आडनाव चिकटवून दिलं. ४४ कसोटी, २१०९ धावा, १६२ बळी आणि लोकांच्या तोंडी राहिला तो एक रनआउट. असो, हे माझं जुनं दुखणं आहे.

१९५२ च्या इंग्लंड दौऱ्यात हे मांकड मुळात संघात नव्हतेच. संघात नक्की घेऊ, असा शब्द क्रिकेट मंडळाने दिला नाही, म्हणून त्यांनी लँकेशायर लीगमधल्या हॅसलिंग्डन क्लबशी करार केला होता. देशातला सर्वांत मोठा अष्टपैलू खेळाडू पोटासाठी परमुलखातल्या एका गावच्या संघाकडून खेळत होता. पहिली कसोटी हरल्यावर त्यांना क्लबकडून मागून आणावं लागलं आणि लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या, एका डावात पाच बळीही घेतले. सामना भारत हरला, तरी लोक अजून त्याला मांकडांची कसोटी म्हणतात.

अशा माणसाच्या घरात १९४६ साली अशोक जन्मला. मुंबईच्या मैदानांवर अशोकना सगळे 'काका' म्हणायचे. त्यांचे दोन भाऊ, अतुल आणि राहुल, हेही प्रथम श्रेणी क्रिकेट खेळले. म्हणजे घरात बॅट, बॉल आणि बोलणं यांची कमतरता नव्हती. अशोक मांकड २२ कसोटी खेळले, धावा ९९१, सर्वोच्च ९७. वडिलांची कसोटीत पाच शतकं, मुलाचं एकही नाही. 'बापाची सर नाही' म्हणायला लोकांना आणखी काय हवं होतं?

पण हाच माणूस मुंबईकडून रणजीत उभा राहिला की गोलंदाज कंटाळायचे. प्रथम श्रेणीत जवळजवळ तेरा हजार धावा, सरासरी पन्नासच्या वर, ३१ शतकं, सर्वोच्च २६५. मुंबईकडून मधल्या फळीत खेळणाऱ्या या फलंदाजाला देशाने सलामीला पाठवलं, कारण तिथे जागा रिकामी होती. १९७१ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये पदार्पण करणारे गावसकर सलामीला गेले तेव्हा दुसऱ्या टोकाला तेच होते. त्याच वर्षी ओव्हलवर आपण इंग्लंडमध्ये पहिल्यांदा कसोटी जिंकलो, त्या अकरा जणांतही ते होते. पुढे मुंबईला रणजी जिंकून देणारा कर्णधार आणि नंतर मुंबईचे प्रशिक्षक म्हणून त्यांचं नाव झालं. समोरच्या फलंदाजाचं दुखणं ओळखून बरोबर तिथे क्षेत्ररक्षक उभा करणारा चतुर मेंदू, असं त्यांच्याबद्दल जुनी मंडळी सांगतात. तुमच्या सासऱ्यांना विचारा, ते माझ्यापेक्षा रंगवून सांगतील.

आता सांगा, ही कारकीर्द यशस्वी की अयशस्वी? वडिलांच्या आकड्यांशेजारी ठेवली तर थिटी दिसते. एकटी ठेवली तर क्रिकेटमध्येच सुरू होऊन क्रिकेटमध्येच संपलेलं एक भरगच्च आयुष्य दिसतं. तुमच्या घरात मुलाला कुठल्या फुटपट्टीने मोजलं जातंय, हे त्याला कळत असणार. हॉलमध्ये टांगलेली बॅट काही बोलत नाही, पण तो रोज तिच्याखालून जातो.

क्रीडा घराणं मुलाला काय देतं, तेही नीट बघायला हवं, कारण सरसकट 'घराण्याचं ओझं' म्हणणं मला पटत नाही. ते नजर देतं. तुमच्या मुलाने चौथ्या वर्षी जे शब्द ऐकले, ते दुसऱ्या मुलांना बाराव्या वर्षी कोच सांगतो. लेदर बॉल लागला तर किती दुखतं आणि किती दुखत नाही, मोसमात दोन महिने धावा होत नाहीत तेव्हा काय करायचं, सिलेक्शनच्या दिवशी नाव आलं नाही तर घरी कसं यायचं, हे सगळं त्याला आयतं मिळतं. गावसकरांचे मामा माधव मंत्री कसोटीपटू होते. लहानपणी भाच्याने मामाचा भारताचा पुलोव्हर मागितला, तेव्हा मामांनी तो दिला नाही, हा कमवावा लागतो म्हणाले. घराण्याने द्यायचं ते हेच. कपाटाचं दार उघडून दाखवायचं आणि पुलोव्हर परत घडी घालून ठेवून द्यायचा.

गडबड होते ती घरातला मोठा माणूस खेळाडू राहायचं थांबत नाही तेव्हा. काही वर्षांपूर्वी एका पालकांच्या आग्रहावरून मी त्यांच्या मुलाचा सामना बघायला गेले होते. चौदा वर्षांखालच्या मुलांचा, लीगचा साधा सामना. वडील साइटस्क्रीनच्या बाजूला छत्री घेऊन उभे. मुलगा दर चेंडूनंतर तिकडे बघायचा. वडील हाताने खूण करायचे, डोकं खाली, कोपर वर, पाय पुढे. अठरा धावांवर त्याने मिडऑनला चेंडू ढकलला आणि सवयीने छत्रीकडे पाहिलं. नॉन-स्ट्रायकर तोवर अर्ध्या खेळपट्टीवर आला होता. धावबाद झाला तो दुसरा मुलगा, आणि पॅव्हेलियनकडे जाताना त्याने याच्याकडे नाही, छत्रीकडे पाहिलं. मला त्या दोघांपेक्षा वडिलांची दया आली. त्यांना कळलंच नाही की विकेट त्यांच्यामुळे गेली.

तुमचे मिस्टर छत्री घेऊन उभे राहत नसतील, पण जेवताना लावलेला व्हिडिओ म्हणजे तीच छत्री. मी त्यांना दोष देत नाही. दोनदा यादीत नाव येऊन संघात न आलेल्या माणसाच्या मनात काय राहतं, याची मला थोडी कल्पना आहे. मुलाचं नावही यंदा तिथेच, त्याच पायरीवर अडलं. त्या रात्री घरात कुणाला जास्त लागलं असेल, मुलाला की वडिलांना? हे त्यांना एकदा शांतपणे विचारा, मुलगा झोपल्यावर.

आता शाळा. तुमच्या सासऱ्यांचं म्हणणं वरवर रास्त वाटतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी करता येते, एकेक विषय काढत काही वर्षांत पूर्ण करता येते, प्रमाणपत्र पुढे अकरावीला चालतं. टेनिस किंवा बुद्धिबळातली, वर्षातून सहा महिने प्रवासात असणारी मुलं ते करतात आणि त्यांना ते सोयीचं पडतं. तुमच्या मुलाला मात्र मी ते सुचवणार नाही. पहिलं कारण अगदी मुंबईचं आहे. हॅरिस शिल्ड ही शाळांची स्पर्धा आहे, शाळेच्या संघातूनच खेळावी लागते. तेंडुलकर आणि कांबळी यांची ६६४ धावांची भागी १९८८ मध्ये झाली ती याच स्पर्धेत. क्रिकेटसाठी शाळा सोडायची आणि त्यापायी शाळेचं क्रिकेटच गमवायचं, हा कसला व्यवहार? वयात बसत असेल आणि शाळेचा संघ असेल तर हे सामने सोडू नका. शाळेचा संघ नसेल, तर अकरावीला कॉलेज निवडताना तरी तिथे क्रिकेट कसं आहे हे आधी बघा.

दुसरं कारण उरलेल्या तासांचं. पंधरा वर्षांच्या मुलाचं शरीर दिवसात साडेतीन-चार तासांच्या वर चांगला सराव झेपवत नाही. त्यापुढे तो नुसत्या चुका पक्क्या करतो. मग बाकीचे आठ तास तो काय करणार? घरी बसणार, आजोबांसमोर, त्या बॅटखाली. शाळेत निदान पाच-सहा तास तो कुणाचा नातू नसतो, त्याच्या गणिताच्या सरांना तो नुसता मागच्या बाकावरचा डावरा असतो. ही सुट्टी त्याच्याकडून काढून घेऊ नका.

दहावीच्या वर्षात नेट्स पूर्ण बंद करा, असंही मी म्हणत नाही. आठवड्याचे सहा दिवस असतील तर चार करा, पहाटेचे थ्रोडाऊन, म्हणजे कुणीतरी हाताने टाकलेल्या चेंडूंवरचा सराव, घराजवळ होतील असं बघा, परीक्षेआधीचे दोन महिने फक्त फिटनेस आणि हलका सराव. खेळाडू विद्यार्थ्यांना बोर्डात वाढीव गुणांची सवलत मिळते, पण ती स्पर्धेच्या पातळीवर अवलंबून असते आणि प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत जावा लागतो. शाळेच्या क्रीडाशिक्षकांना आत्ताच भेटून ठेवा. अकरावीला मुंबईकडची बरीच क्रिकेटची मुलं सकाळचं कॉमर्स घेतात, कारण दुपार मोकळी मिळते. वाईट नाही. पण त्याला शरीरशास्त्राची, दुखापतींची आवड असेल, फिजिओथेरपी वगैरे कधी डोक्यात येईल असं वाटत असेल, तर बारावीला बायोलॉजी लागतं, हे कॉमर्सच्या रांगेत उभं राहण्याआधी लक्षात घ्या.

पैशांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत. बँकेतल्या बाईने विचारलं नाही म्हणजे मनात नक्की असणार. सासऱ्यांच्या काळात रणजीवर घर चालत नसे. टाइम्स शिल्ड ही कार्यालयांची स्पर्धा खेळणाऱ्या कंपनीची किंवा बँकेची नोकरी होती म्हणून चालायचं. आता तसं नाही. २०२१ मध्ये मंडळाने मानधन वाढवलं, तेव्हापासून वीसपर्यंत सामने खेळलेल्या रणजीपटूला अकरा जणांत असल्यास दिवसाला ४०,००० रुपये मिळतात, चाळीसच्या वर सामने झाले की ६०,०००. राखीव खेळाडूला निम्मे. एकोणीस वर्षांखालच्या मुलाला दिवसाला २०,०००. वरच्या गटातल्या संघाचे साखळीत सात सामने, प्रत्येकी चार दिवस. सगळे खेळला तर नवा खेळाडूही साखळीतून अकरा लाखांच्या वर नेतो.

आता याची दुसरी बाजू. रणजीत ३८ संघ. म्हणजे एका वेळी सगळ्या देशातून फार तर ४१८ जण मैदानात. त्यातले मुंबईचे अकरा. आणि त्या अकरांत दरवर्षी नव्या मुलासाठी किती जागा मोकळ्या होतात, हे तुमच्या मिस्टरांइतकं चांगलं कोण सांगणार? आयपीएलचं म्हणाल तर दहा संघ, प्रत्येकात जास्तीत जास्त पंचवीस जण, त्यात परदेशीही आले. मी हे घाबरवायला लिहीत नाही. दहावी-बारावी आणि एक पदवी सांभाळायची, ती क्रिकेटवर विश्वास नाही म्हणून नव्हे. बाविसाव्या वर्षी एका वाईट मोसमानंतर 'आता याच्याशिवाय आपल्याला काहीच येत नाही' या भीतीने मुलगा बॅट घट्ट धरतो, आणि घट्ट धरलेल्या बॅटने काय होतं ते तुमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

आणखी एक. मुंबईत नाहीच जमलं तर बाहेरचं दार बंद समजू नका. रोहन गावसकर बंगालकडून खेळला आणि तिथून भारतासाठी ११ एकदिवसीय सामने खेळला. अर्जुन तेंडुलकर गोव्याकडे गेला आणि डिसेंबर २०२२ मध्ये रणजी पदार्पणात शतक ठोकलं, वडिलांनी १९८८ मध्ये ठोकलं होतं तसंच. मोठ्या आडनावाच्या मुलांना कधीकधी दुसऱ्या गावची हवा मानवते. पण तो विचार अठरा-एकोणीसनंतरचा, आणि नियम, पात्रता बघून करायचा. उलट तुमच्याच डोंबिवलीतून, तीच गाडी पकडून अजिंक्य रहाणे मोठा झाला, त्याच्या पाठीशी कुठलं क्रिकेटचं घराणं नव्हतं. दोन्ही वाटांनी माणसं पोचतात.

मग करायचं काय? मुलाला 'तुला काय व्हायचंय' असं विचारू नका, तो पुन्हा 'तुम्ही ठरवा' म्हणेल. विचारा, की सगळ्यात जास्त मजा कुठल्या दिवशी आली. शतकाच्या दिवशीच आली असं धरून चालू नका. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने विकेटकीपिंग करताना गोलंदाजाला फलंदाजाचा डाव आधीच सांगितला तो दिवस सांगितला होता. दुसऱ्याने सामना संपल्यावर स्कोअरबुक जुळवत बसला ती संध्याकाळ सांगितली. पहिला अजून खेळतोय, दुसरा एका संघाबरोबर व्हिडिओ विश्लेषक म्हणून फिरतो. तुमच्या मुलाचं उत्तर काय येतं बघा, ते लिहून ठेवा, आणि घरात कुणालाही लगेच सांगू नका. सासऱ्यांनाही नाही.

हे तुम्हीच विचारायचं. पत्रात तुम्ही जरा अपराधी सुरात लिहिलंय, 'बँकेत जाणारी मी एकटीच'. ताई, अहो, त्या घरात 'किती केल्यास?' न विचारता 'जेवलास का?' विचारणारं एकच माणूस आहे. जेवणाच्या वेळी मोबाइल बंद, हा नियम तुम्ही करा. आउट झालेले व्हिडिओ बघायला हरकत नाही, आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, आणि मुलाने स्वतः काढले तर. वडिलांनी तेव्हा पहिली पाच मिनिटं काही बोलायचं नाही. अवघड जाईल. जाऊ द्या.

आणि मांकडांची गोष्ट मी अर्धीच सांगितली. अशोक मांकडांच्या पत्नी निरुपमा. भारतातल्या त्या काळच्या आघाडीच्या टेनिसपटू, १९७१ मध्ये विम्बल्डनला आनंद अमृतराज यांच्या जोडीने मिश्र दुहेरी खेळल्या, पुढे अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांचा मुलगा हर्ष, विनू मांकडांचा नातू, क्रिकेटकडे गेलाच नाही. त्याने आईची रॅकेट उचलली, अमेरिकेत विद्यापीठात शिकत टेनिस खेळला आणि भारताकडून डेव्हिस चषकात उतरला. क्रिकेटच्या त्या घरात तिसऱ्या पिढीने जो खेळ उचलला, तो सुनेने आणला होता.

म्हणून तुमच्या पत्रातलं 'तो वेगळा विषय' हे वाक्य मला मान्य नाही. बारा वर्षांची मुलगी रोज गच्चीवर मुंबईच्या संभाव्य यादीतल्या फलंदाजाला गोलंदाजी करते, बाप म्हणतो हात छान आहे, आणि ते पत्राच्या शेवटी, जाता जाता येतं? तुमची नणंद ज्या काळात राज्याकडून खो-खो खेळली, तेव्हा त्यापुढे काय, असं विचारायची सोय नव्हती. आता मुलींच्या पंधरा वर्षांखालच्या स्पर्धा होतात, २०२३ पासून महिलांची प्रीमियर लीग आहे, भारताकडून खेळणाऱ्या बायकांना सामन्याचं मानधन पुरुषांएवढंच आहे, आणि २०२५ चा विश्वचषक आपल्या मुलींनी जिंकला तो तुमच्यापासून तासाभरावर, नवी मुंबईत. ती काय टाकते, ऑफस्पिन की मध्यमगती, हेसुद्धा तुम्ही लिहिलेलं नाही. तिच्या आत्याला बोलवा, पुढच्या रविवारी तिला एखाद्या मुलींच्या नेट्सवर घेऊन जायला सांगा. किटबॅग उचलायला दादाला पाठवा बरोबर.